साठीनंतर हार्मोनचं क्रीम? कॅन्सर होईल ना!

"ह्यांना वाटतं माझं मन उडालंय. मन नाही हो मॅडम, दुखतं मला."

यजमानांसोबत माझ्याकडे आलेल्या ६२ वर्षांच्या सुमनताई (नाव बदललं आहे) एवढं बोलल्या आणि काका चपापले. बाई दोन वर्षांपासून नातवाच्या खोलीत झोपत होत्या. सांगायला कारण काकांचं घोरणं.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. लघवीला जळजळ, वरचेवर इन्फेक्शन, अँटिबायोटिकचे कोर्स, लग्नाला जायचं तर आधी बाथरूमची चौकशी. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी होतं, तशी योनीची आणि मूत्रमार्गाची आतली त्वचा पातळ, कोरडी होत जाते. अंगातून वाफा येणं बऱ्याच जणींचं काही वर्षांत ओसरतं. हा कोरडेपणा मात्र आपोआप जात नाही, बहुधा वाढतोच. "वयाचं आहे, चालायचंच" यापलीकडे त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

गंमत म्हणजे औषध घरात पडून होतं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी इस्ट्रोजेनचं क्रीम लिहून दिलेलं, ट्यूब सीलसकट कपाटात. सुमनताईंनी पर्समधून खोक्यातला माहितीचा कागद काढला. निवृत्त शिक्षिका त्या. 'कॅन्सर', 'पक्षाघात' या शब्दांखाली लाल पेनाने दुहेरी रेघा!

या भीतीचं मूळ बरंचसं २००२ मधलं. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' अभ्यासात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (आणखी एक हार्मोन) एकत्र घेणाऱ्या बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर थोडा वाढलेला दिसला आणि अभ्यासाचा तो भाग मध्येच थांबवला गेला. पण त्या गोळ्या होत्या, रक्तात मिसळून अंगभर जाणाऱ्या. कमी मात्रेचं क्रीम लावल्या जागी काम करतं, रक्तात फारच थोडं उतरतं. तरी इशारे गोळ्यांचेच छापायचे आणि समजावून कोणी सांगायचं नाही, मग माणूस घाबरणारच.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे "लावा" असं मी म्हटलं नाही. पूर्वी स्तनाचा कॅन्सर झालाय का, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेलंय का, हे डॉक्टरांना आधी सांगायचं असतं. या दोन्हींची उत्तरं आणि त्यांच्या शंका आम्ही कागदावर लिहिल्या आणि दोघांना मिळून तिकडे पाठवलं. क्रीम ठरलं: पहिले दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा. महिन्या-दीड महिन्यात जळजळ थांबली. जवळिकीला जास्त वेळ लागला. दुखेल या धास्तीने अंग आखडतं, ते क्रीमने सुटत नाही. काकांना "घाई नको" हे दोनदा सांगावं लागलं.

काकांनी मग हळूच विचारलं, "मलाही टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन मिळेल का?" जाहिराती वाचलेल्या! नुसतं वय आणि थकवा एवढ्यावर हे पुरुषी हार्मोन देत नाहीत. लक्षणं हवीत, शिवाय सकाळच्या रक्ततपासणीत त्याची पातळी दोन वेगळ्या दिवशी कमी यायला हवी. काकांची साखर वाढलेली होती, आणि उत्साह जायला तेवढंही पुरतं. डॉक्टरांनी आधी त्यांची मधुमेहाची औषधं बदलली.