ओव्हरक्लॉक केलेल्या संगणकाला एसएमपीएस कोणता घ्यावा?

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी असून सोलापूरच्या पूर्वभागात राहतो. एकेक भाग जमवून घरीच संगणक जोडत आहे. इंटेलचा कोअर आय७-१२७००के प्रोसेसर आणि एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०७० सुपर ग्राफिक्स कार्ड घेतले आहे. दोन्ही ओव्हरक्लॉक करण्याचा, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचा, विचार आहे. दुकानदार कॅबिनेटसोबत ‘५०० वॅट’ छापलेला एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) देतो आणि तो पुरेल असे म्हणतो. त्याच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर लिहिले आहे. मित्र १००० वॅटचा घे म्हणतो, तर त्याने वीजबिल वाढेल अशी वडिलांना धास्ती वाटते. आमच्या गल्लीत यंत्रमाग असल्याने व्होल्टेजही सारखे खालीवर होते. काय करावे?

उत्तर : लेबलवरचा अँपिअरचा आकडा आपण कळवलात हे फार बरे केलेत, कारण खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांतील वॅटपेक्षा तोच आकडा निर्णायक आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या वाहिनीवरून घेतात. १२ व्होल्ट गुणिले १८ अँपिअर म्हणजे २१६ वॅट, आणि आपल्या एकट्या ग्राफिक्स कार्डाची ठरलेली मर्यादाच २२० वॅट आहे. ओव्हरक्लॉकचे सोडाच, साध्या वापरालाही हा एसएमपीएस पुरणार नाही. तो नको असे दुकानदाराला स्पष्ट सांगून त्याची किंमत कॅबिनेटमधून वजा करून घ्यावी.

आता गरजेचा हिशेब करू. प्रोसेसरची वीजखपत वेगाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेजच्या बाबतीत मात्र ती वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्क्यांनी वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही १० टक्क्यांनी चढवले, तर खपत १.१ गुणिले १.२१, म्हणजे सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. आपल्या प्रोसेसरची इंटेलने दिलेली कमाल टर्बो (वाढीव वेगाच्या वेळची) वीजमर्यादा १९० वॅट आहे. ती या हिशेबाने २५० वॅटच्या पुढे जाते. ग्राफिक्स कार्डाची मर्यादा १० टक्क्यांनी वाढवल्यास २४२ वॅट, आणि मदरबोर्ड, रॅम, एसएसडी व पंखे यांना मिळून ६० ते ७० वॅट धरले, तर बेरीज साधारण ५६० वॅट होते. १२ व्होल्टच्या भाषेत सांगायचे तर सुमारे ४७ अँपिअर.

यावर थोडी मोकळीक ठेवणे आवश्यक आहे, कारण आजची ग्राफिक्स कार्डे क्षणार्धापुरती आपल्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतात आणि कच्चा एसएमपीएस अशा झटक्याला खेळाच्या मध्येच बंद पडतो. २०२२ मध्ये आलेल्या एसएमपीएसच्या एटीएक्स ३.० मानकाने म्हणूनच १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसण्याची अट घातली. माझ्या मते आपण याच किंवा यानंतरच्या मानकाचा, ८० प्लस गोल्ड (कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र) दर्जाचा, १२ व्होल्टवर किमान ६२ अँपिअर देणारा ७५० वॅटचा एसएमपीएस घ्यावा. पुढे याहून मोठे कार्ड बसवायचे मनात असेल तर ८५० वॅटचा घेणे योग्य ठरेल. १००० वॅटवर खर्च करण्याचे मला कारण दिसत नाही.

वडिलांना सांगावे की वॅटचा आकडा ही एसएमपीएसची क्षमता आहे, खपत नव्हे. संगणकाला लागेल तेवढीच वीज तो घेतो. बिलात फरक पडतो तो कार्यक्षमतेने. ५६० वॅट पुरवताना ९० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून सुमारे ६२० वॅट घेतो, तर ८० टक्क्यांचा ७०० वॅट घेतो आणि मधले १४० वॅट नुसती उष्णता म्हणून खोलीत सोडतो. मात्र ८० प्लसची चाचणी केवळ कार्यक्षमतेची असते. अतिभार, अतितापमान आणि शॉर्टसर्किट यांपासून संरक्षण आहे की नाही, हे माहितीपत्रकात वेगळे पाहावे लागते.

सोलापूरकरांनी त्याच माहितीपत्रकात आणखी एक गोष्ट अवश्य पाहावी, ती म्हणजे पूर्ण क्षमता कोणत्या तापमानाला दिली आहे. काही उत्पादक ती २५ किंवा ४० अंशांना देतात, तर चांगले उत्पादक ५० अंशांना. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीत कॅबिनेटच्या आतली हवा त्याहूनही तापलेली असते, म्हणून मी ५० अंशांचाच आग्रह धरेन. आपल्या भागात मागांवरून उडणारे कापसाचे तूस ही दुसरी अडचण आहे. एसएमपीएसचा पंखा कॅबिनेटच्या तळाकडे तोंड करून बसवतात, त्यामुळे तिथल्या जाळीवर तुसाचा पातळ नमदा जमतो आणि हवा कोंडते. काढता येणारी जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे, ते जमिनीवर न ठेवता उंच ठेवावे आणि जाळी नियमितपणे झटकावी.

व्होल्टेजची चिंता मात्र आपण समजता तेवढी नाही. मागाची मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते, त्यामुळे दिवे मंदावतात. परंतु १०० ते २४० व्होल्टवर चालणारा, अॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून घेतलेला प्रवाह व्होल्टेजच्या लहरीशी जुळवणारी रचना) असलेला एसएमपीएस असे उतार सहज पचवतो आणि त्याला वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. खरी काळजी अर्थिंगची घ्यावी. काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळली की अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे आणि वीजतंत्र्याकडून न्यूट्रल व अर्थ यांमधील व्होल्टेज तपासून घ्यावे. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावे.

घरातील इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (चौकोनी लहरींची वीज देणारा) असेल तर त्यावर हा संगणक चालवू नये, कारण अॅक्टिव्ह पीएफसीचे एसएमपीएस त्यावर अनेकदा गुरगुरतात किंवा बंद पडतात. शुद्ध साइन वेव्हचा (घरच्या विजेसारख्या गुळगुळीत लहरींचा) यूपीएस घ्यावा आणि तोही वॅट पाहून घ्यावा. बाजारातील ६०० व्हीएचे (व्होल्ट-अँपिअरचे) सर्वसाधारण यूपीएस सुमारे ३६० वॅटच देतात, ते आपल्याला पुरणार नाहीत.

शेवटी जोडणीविषयी. मॉड्युलर (केबल काढता-घालता येणारा) एसएमपीएस घेतलात तर त्याच्यासोबत आलेल्याच केबल वापराव्यात. दुसऱ्या कंपनीची केबल खाचेत नीट बसली तरी तिच्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि तेवढ्याने मदरबोर्ड किंवा एसएसडी जळू शकते. कार्डाला सोळा पिनांचा जोड असेल तर तो पूर्ण आत बसल्याची डोळ्यांनी खात्री करावी आणि जोडाला लागूनच केबल वळवू नये.