पुण्याचं तिकीट काढण्याआधी

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज वाचला. मेकॅनिकलची डिग्री हातात येऊन वर्ष होत आलं, कॅम्पसला आल्या त्या सॉफ्टवेअर नाहीतर सेल्सच्या कंपन्या. आता बाबा म्हणतात अभ्यासिका लाव, मैत्रिणी म्हणतात पुण्याला चल. आणि तू विचारतेस, ‘काका, नागपुरात खरंच काही नाही का?’

आहे. हिंगण्याच्या नाहीतर बुटीबोरीच्या एमआयडीसीत कुठल्याही मेंटेनन्सवाल्याला विचार, ‘माणसं मिळून नाही राहिली’ हेच ऐकवेल. तुझंही खरं, त्याचंही खरं. हे कसं, ते सांगतो.

इंटरव्ह्यूला मी टेबलावर व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी, आणि एक बुश, म्हणजे मशीनमधली छोटी धातूची नळी, ठेवायचो. बाहेरचा व्यास मोज म्हणायचो. मेन स्केलवर २४, व्हर्नियरची सतरावी रेघ जुळलेली, लीस्ट काउंट, म्हणजे पट्टीवर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२; म्हणजे सतरा रेघांचे ०.३४ धरून २४.३४ मिलिमीटर. बस, एवढंच. डिग्रीवाले बरेच जण लीस्ट काउंटची व्याख्या धडाधड सांगायचे आणि रेघ शोधताना घामाघूम व्हायचे. आयटीआयचा फिटर उभ्या उभ्या वाचायचा. मग त्याला सांगायचो, हा बुश सारखा का झिजतो ते चार ओळींत लिहून दे, साहेबांना मेल करायचाय. तो पेन धरून माझ्याकडे बघत राहायचा. ज्याला दोन्ही येतं तो मिळत नाही, आणि जागा रिकामी राहते ती त्याचीच. तुला लिहिता येतं. उरलेलं अर्धं कॉलेजबाहेर शिकायचंय.

कंपन्याही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. माणूस तयारच पाहिजे, शिकवायला वेळ नाही, आणि पगार कॉन्ट्रॅक्टवरचा. मग आपली पोरं पुण्याला जातात आणि इथला वेल्डर बिहार-ओडिशातून येतो. ही गत एकट्या विदर्भाची नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४च्या अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत: पदवीधर तरुणांत बेकारी २९.१ टक्के, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४ टक्के. अडाणी पोराला घरी बसणं परवडत नाही, मिळेल ते काम तो धरतो. तुझ्यामागे बाबांचा पगार आहे. टोमणा नाही मारत. थांबता येतं ही सोय आहे, ती वाया घालवू नकोस.

म्हणून पहिली नोकरी पदनाम बघून निवडू नकोस, शिकवणारा कोण आहे ते बघ. ॲप्रेंटिसशिप म्हटली की आपल्याकडे लोक नाक मुरडतात, ती आयटीआयवाल्यांची म्हणून. कायदा १९६१चा आहे, आणि १९७३च्या दुरुस्तीपासून इंजिनिअरही त्यात आले. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के ॲप्रेंटिस ठेवावेच लागतात. राज्य सरकारची युवा कार्यप्रशिक्षण योजनाही आहे; २०२४ला सुरू झाली तेव्हा पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं.

पण डोळे उघडे ठेवून जा. काही ठिकाणी ट्रेनीला एक्सेलच्या शीट भरायला बसवतात आणि वर्षाने सर्टिफिकेट देऊन मोकळे होतात. जॉइन व्हायच्या आधीच विचार: ब्रेकडाउन झाला तर मला मशीनजवळ उभं राहू देणार का? कोणाच्या हाताखाली? आणि दुसरी शिफ्ट रात्री ११ला सुटली तर कंपनीची बस मला कुठे सोडेल? हे विचारायला अजिबात लाजू नकोस. मुली टिकत नाहीत म्हणणाऱ्या कंपनीचा आधी बसचा रूट बघावा, असं माझं मत आहे.

मिहानचं, नागपूर विमानतळाजवळच्या त्या औद्योगिक प्रकल्पाचं, लिहिलंस. तिथे विमानं दुरुस्त होतात हे खरं, पण दुरुस्त झालेल्या विमानाच्या कागदावर सही करायची तर डीजीसीएचं, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, लायसन्स लागतं, नुसत्या बी.ई.वर ती करता येत नाही. त्याच्या परीक्षा वेगळ्या आणि अनुभवाची वर्षं वेगळी. जाहिरातीत कंपनीचं नाव नंतर वाच, कोणता कागद मागितलाय ते आधी.

पुण्याला जाऊ नकोस असं नाही म्हणत. ऑफर हातात असेल तर आज रात्रीचीच ट्रॅव्हल्स पकड. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’वाल्या क्लासची फी भरायला मात्र जाऊ नकोस. अभ्यासिकेत बसायचंच असेल, तर कधी उठायचं ती तारीख बाबांसमोर कॅलेंडरवर लिहून बस.

रिझ्युमेतून ‘मेहनती’, ‘टीम प्लेअर’ वगैरे काढून टाक. त्या जागी फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये तू स्वतःच्या हाताने काय केलंस ते लिही: कोणत्या लेथवर, कोणता जॉब म्हणजे कोणता भाग घडवला, किती टॉलरन्स म्हणजे मापात किती फरक चालणार होता, काय बिघडलं. प्रोजेक्ट विकत आणलेला असेल तर लिहूच नकोस बाप्पा, दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो. शनिवारपर्यंत मला पाठव. सोमवारी हिंगण्याला दोघांना भेटतोय, त्यांच्यासमोर ठेवतो. पुढचं तुझं तू बघ.

तुझा,
काका