टेक्निकलची बक्षिसं बघायची कशाला? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

ऑस्करचा सोहळा टीव्हीवर झाला की आमच्याकडं पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप यांची रीघ लागते. कुणी चिडलेलं असतं, कुणी भारावलेलं, कुणाला हिशेब विचारायचा असतो. सगळ्यांना उत्तर देणं जमत नाही, त्यातल्या त्यात जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत.

शिवाजी पेठेतून एक वाचक : ताई, सोमवारी पहाटे अलार्म लावून उठलो, चहा घेऊन बसलो, आणि बघतोय काय तर साउंड, एडिटिंग, मेकअप, कपडे, हेच चाललंय. हिरो-हिरॉईनचं बक्षीस पार शेवटाला. ही टेक्निकलची बक्षिसं आधीच गुपचूप देऊन टाकावीत की, टीव्हीवर कशाला दाखवायची?

दादा, पहाटे उठायचा त्रास मला कळतो, पण या मुद्द्यावर मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. आणि कोल्हापूरच्या माणसानं तर हे म्हणूच नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

जरा आठवून बघा, भारतात स्पर्धेतलं ऑस्कर कुणी कुणी आणलं? २००९ ला ए. आर. रहमान यांनी संगीताची दोन आणली, गुलजार यांना गाण्याच्या शब्दांसाठी मिळालं, रसूल पूकुट्टी यांना साउंड मिक्सिंगसाठी. २०२३ ला गाण्यासाठी कीरवानी आणि चंद्रबोस, आणि छोट्या माहितीपटासाठी कार्तिकी गोन्साल्विस आणि गुनीत मोंगा. यात एक तरी हिरो-हिरॉईन आहे का? सगळी पडद्यामागची माणसं. म्हणजे तुम्ही म्हणताय ती बक्षिसं टीव्हीवरून काढली तर सगळ्यात आधी आपलीच माणसं दिसायची बंद होणार.

आणि या सगळ्यांच्या आधी, भारतातली पहिली ऑस्कर विजेती कोण, तर आपल्या कोल्हापूरची पोरगी. भानू अथय्या, माहेरच्या राजोपाध्ये. १९२९ ला इथंच जन्मल्या, वडील चित्रकार होते, ते भानूताई लहान असतानाच गेले. पुढं मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, १९५१ ला तिथं सुवर्णपदक मिळवलं आणि मग सिनेमाच्या कपड्यांच्या कामात शिरल्या त्या शिरल्याच. १९८३ च्या एप्रिलमध्ये 'गांधी' साठी जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना वेशभूषेचं ऑस्कर मिळालं. स्टेजवर जाऊन ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे आणि दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचे दोन-तीन वाक्यांत आभार मानले आणि उतरल्या. तेवढंच. पण ते टीव्हीवर दिसलं म्हणून जगाला कळलं की भारतात असं काम करणारी बाई आहे.

तो सिनेमा परत बघा आणि फक्त कपड्यांकडं बघा. आफ्रिकेत उतरलेला बॅरिस्टर कडक सुटात आहे, मग हळूहळू सूट जातो, साधे देशी कपडे येतात, आणि शेवटी गुडघ्यापर्यंतचा पंचा आणि अंगावर एक चादर. एक डायलॉग न बोलता माणूस कसा बदलत गेला ते नुसत्या कापडावरून कळतं. याला तुम्ही 'नुसते कपडे' म्हणणार का?

आपलं गाव हे अशाच हातांचं आहे हो. बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडं वळले, कॅमेरा स्वतः बनवला, आणि इथंच महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली, पुण्याला गेली ती नंतर. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, तो काय हिरोचा पुतळा नाही, कारागिराच्या यंत्राचा मान आहे तो. शिवाजी पेठेतून तिथं जायला तुम्हाला कितीसा वेळ लागणार, एकदा पोराबाळांना घेऊन जा आणि त्यांना हे सगळं सांगा.

आणि तुम्ही म्हणताय तसा प्रयोग २०२२ ला झाला बरं का. संकलन, साउंड, मेकअप, संगीत धरून ८ बक्षिसं थेट प्रक्षेपणाच्या आधीच दिली आणि कापून-जोडून मधेमधे दाखवली. तिथल्या कलाकारांनी, तंत्रज्ञांनी इतका आवाज उठवला की पुढच्या वर्षी सगळी बक्षिसं परत थेट दाखवायला लागली. मला तर ते बघून फार बरं वाटलं.

राजारामपुरीतून एक वाचक : माणूस बोलत असताना मधेच म्युझिक लावून त्याला गप्प करतात, हे बरोबर आहे का? मला तर लाज वाटली बघून.

नाही, बरोबर नाही. वेळेचा नियम आहे, साधारण ४५ सेकंद मिळतात, कार्यक्रम तीन-साडेतीन तास चालतो, मधे जाहिराती असतात, हे सगळं मान्य. पण २०२३ ला कार्तिकी गोन्साल्विस यांचं बोलून झालं आणि गुनीत मोंगा बोलायला पुढं झाल्या तर म्युझिक सुरू. त्यांना स्टेजवर बोलताच आलं नाही आणि ते दुःख त्यांनी नंतर बोलूनही दाखवलं. आयुष्यभराच्या कामाला एक मिनिट जास्त गेलं तर काय बिघडतंय? निवेदकाचे विनोद दोन कमी करा, त्यात भागेल.

कसबा बावड्यातून एक आजी : बाळ, २०२२ ला गेलेल्या कलाकारांना श्रद्धांजली दाखवली त्यात आपल्या लताबाई नव्हत्या. मी टीव्ही बंदच केला. त्यांना माहीतच नव्हतं काय?

आजी, तुमचा राग मला पटतो. लतादीदी ६ फेब्रुवारीला गेल्या, सोहळा मार्चच्या शेवटी होता, म्हणजे उशीर झाला असंही म्हणता येत नाही. दिलीपकुमारही त्याच यादीत नव्हते. होतं असं की वर्षभरात जगभरातून शेकडो नावं येतात, अकादमीची समिती त्यातून टीव्हीच्या थोड्या मिनिटांत मावतील एवढी निवडते, आणि निवडताना पारडं हॉलिवूडशी ज्यांचं नातं होतं त्यांच्याकडं झुकतं. हे कारण झालं, पण याला मी समर्थन नाही म्हणणार. ज्यांच्या आवाजावर आपल्या कितीतरी पिढ्या वाढल्या त्यांच्यासाठी दोन सेकंद मिळू नयेत हे मनाला लागतंच, आणि कोल्हापूरला तर जास्तच, मास्टर विनायकांच्या कंपनीत लहानग्या लताचे दिवस इथं गेलेत.

एक मात्र सांगते, आदल्या वर्षी, २०२१ ला, त्याच श्रद्धांजलीत भानू अथय्या आणि इरफान खान दोघंही दिसले होते. भानूताई ऑक्टोबर २०२० ला गेल्या. तो फोटो पडद्यावर येऊन गेला तेव्हा माझे डोळे भरून आले.

कागलहून एक वाचक : निकाल यांना आधीच माहीत असतो, सगळं ठरवून असतं असं आमच्या ग्रुपवर चाललंय. खरं काय?

मतं मोजणारे मोजके हिशेबनीस सोडले तर कुणालाच माहीत नसतं. २०१७ पर्यंत पाकिटांचे दोन सेट असायचे, स्टेजच्या दोन बाजूंना दोन हिशेबनीस एकेक सेट घेऊन उभे राहायचे. याच पद्धतीमुळं २०१७ ला घोळ झाला. हिरॉईनच्या बक्षिसाचं जे दुसरं पाकीट उरलं होतं तेच सर्वोत्कृष्ट सिनेमाच्या वेळी हातात दिलं गेलं आणि 'मूनलाइट' ऐवजी 'ला ला लँड' चं नाव जाहीर झालं. भाषणं चालू असताना चूक कळली, आणि 'ला ला लँड' च्याच निर्मात्यानं माइकवर सांगितलं की तुम्ही जिंकलात, या वर. ठरवून असतं तर साऱ्या जगासमोर अशी फजिती कोण करून घेईल?

गडहिंग्लजहून कॉलेजचा एक विद्यार्थी : ताई, मराठी पिक्चर ऑस्करला जातात पण पुढं का जात नाहीत? आपले पिक्चर कमी आहेत का?

कमी अजिबात नाहीत. परदेशी सिनेमांच्या गटात देशाकडून वर्षाला एकच सिनेमा पाठवता येतो आणि आपल्याकडं ती निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया करते. तिथं सगळ्या भाषांतून पुढं येऊन २००४ ला 'श्वास', २००९ ला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि २०१५ ला 'कोर्ट' गेले. हेच केवढं मोठं आहे. पण खरी लढाई त्यानंतर असते. तिथल्या मतदारांनी सिनेमा बघावा म्हणून अमेरिकेत शो लावायचे, जाहिराती द्यायच्या, माणसं नेमायची, याला पैसा लागतो आणि तो भरपूर लागतो. 'श्वास' च्या वेळी साध्या माणसांनी वर्गणी काढून पैसे उभे केले होते, असं प्रेम किती सिनेमांच्या वाट्याला येतं सांग. भारताचे आत्तापर्यंत या गटात तीनच सिनेमे शेवटच्या पाचात पोचलेत, त्यातला शेवटचा 'लगान', २००२ ला. त्याची वेशभूषा कुणाची? भानू अथय्यांचीच. तेव्हा तू सिनेमाच्या लाइनला जाणार असशील तर बिनधास्त जा, अभिनयच करायला पाहिजे असं काही नाही.

शाहूपुरीतून एक गृहिणी : आपले मराठी सोहळे टीव्हीवर लागेपर्यंत निकाल मोबाईलवर येऊन शिळे झालेले असतात. वर नुसते डान्स. सासूबाई म्हणतात बंद कर, मी म्हणते असू दे. तुम्ही कुणाच्या बाजूनं?

मी तुमच्याही आणि सासूबाईंच्याही. आपल्याकडचे बहुतेक सोहळे आधी रेकॉर्ड होतात आणि नंतर एडिट करून लागतात, म्हणून निकाल आधी फुटतो, त्यावर फार काही करता येत नाही. डान्सलाही माझी हरकत नाही, पोरं मेहनत घेतात. माझी तक्रार एवढीच की कापायची वेळ आली की कात्री आधी ध्वनी, संकलन, रंगभूषा, कलादिग्दर्शन यांच्यावर चालते, त्यांची नावं खाली पट्टीवर भर्रकन पळवतात, वाचूनसुद्धा होत नाहीत. ज्या माणसानं रात्र-रात्र जागून काम केलं त्याच्या आईनं घरी टीव्हीसमोर बसून काय बघायचं? टीव्हीवर वेळ नसेल तर निदान यूट्यूबवर ही सगळी बक्षिसं, भाषणांसकट, न कापता टाका. त्याला खर्च कितीसा येणार, शूटिंग तर झालेलंच असतं. तुम्ही दोघी मिळून चॅनेलला एवढंच लिहा, मीही लिहिते.