लाईन गेली, हिशोबाची फाईल अडकली

प्रश्न : ग्रामसंघाचा बचत-कर्जाचा हिशोब लिब्रेऑफिसच्या कॅल्क या एक्सेलसारख्या प्रोग्रॅममध्ये ठेवतो. नोंदी करताना लाईन गेली. आता फाईल उघडली की ती दुसऱ्या कोणी उघडल्याचं सांगते, आणि अर्ध्या तासाच्या नोंदीही गेल्या. फुकटच्या सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवावा का? – एक लिपिका, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, फाईल कोणीच उघडलेली नाही. कॅल्क फाईल उघडतं तेव्हा त्याच फोल्डरमध्ये एक छोटी कुलूप-फाईल बनवतं. तिच्या नावाची सुरुवात टिंब, लहरी रेघ आणि 'लॉक' अशी असते. काम नीट बंद केलं की ती आपोआप पुसली जाते, लाईन गेली की तशीच राहते. लपवलेल्या फाईली दिसतील असं करा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर हिशोब उघडलेला नाही हे बघा आणि ती कुलूप-फाईल तेवढी डिलीट करा. सांभाळून, दोन्ही नावांत तुमच्या हिशोबाचं नाव असतं.

गेलेल्या नोंदींसाठी : अशा वेळी लिब्रेऑफिस परत सुरू केलं की रिकव्हरीची खिडकी येते. घाईत 'डिस्कार्ड' दाबलं की तिथली प्रत गेली. पुढे हे टळावं म्हणून टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे जा. ऑटोरिकव्हरी, म्हणजे आपोआप तात्पुरती प्रत ठेवणं, 10 मिनिटांवर असते, ती 2 वर आणा. 'ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी'वर खूण करा. तरीही कंट्रोल-एस दाबायची सवय हवीच, कारण ऑटोरिकव्हरी मूळ फाईलमध्ये काही लिहीत नाही. फाईल ओडीएस या कॅल्कच्या स्वतःच्या प्रकारातच ठेवा. बँकेला एक्सेलची फाईल लागली तर वेगळी प्रत काढून द्या. रोज एक्सेलमध्ये सेव्ह केलं की दर वेळी रूपांतर होतं आणि कधी मांडणी, कधी सूत्रं बिघडतात.

आता भरवशाचं. हे सॉफ्टवेअर बेवारस नाही. 2010 मध्ये ओपनऑफिसच्या कार्यकर्त्यांनी वेगळं होऊन लिब्रेऑफिस सुरू केलं. आज बर्लिनची द डॉक्युमेंट फाउंडेशन ते सांभाळते. कोड लिहिणाऱ्यांत स्वयंसेवक आहेत, तसे कोलाबोरासारख्या कंपन्यांचे पगारी अभियंतेही आहेत. जुनं ओपनऑफिस अजून डाउनलोड होतं, पण त्याची 4.1 मालिका 2014 पासूनची आहे, त्यानंतर मोठी नवी आवृत्ती आलेली नाही. हिशोबासाठी ते घेऊ नका.

प्रश्न : विंडोज 7 वर नवं लिब्रेऑफिस बसत नाही. – ता. धानोरा, जि. गडचिरोली

उत्तर : लिब्रेऑफिसच्या 25.8 आवृत्तीपासून विंडोज 7 आणि 8 ला आधार नाही. 25.2 चालेल, पण त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत. मशीन धडधाकट असेल तर हलकं लिनक्स टाका, लिब्रेऑफिस त्यातही चालतं.

प्रश्न : लिब्रेऑफिसमध्ये ठरावाच्या कागदात जोडाक्षरं तुटतात. चूक असेल तर सांगायची कोणाला? – ता. चिखलदरा, जि. अमरावती

उत्तर : आधी फॉन्ट बघा. मजकूर कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर ती सॉफ्टवेअरची चूक नाही. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. युनिकोड असूनही तुटत असेल तर फॉरमॅट, कॅरेक्टर उघडा. तिथे 'सीटीएल' फॉन्टचा वेगळा रकाना असतो, देवनागरी त्याच रकान्यातून ठरते. नोटो सॅन्स देवनागरी लावून बघा.

एवढं करूनही तुटलं तर ती चूक कळवाच, आपल्या लिपीची अडचण आपण नाही सांगितली तर बर्लिनमध्ये ती दिसणार कशी? फाउंडेशनच्या बगझिलावर, म्हणजे चुका नोंदवायच्या वेबसाइटवर, मोफत खातं काढा. इंग्रजी साधं चालतं, एवढं लिहा : हेल्प, अबाउटमधली पूर्ण आवृत्ती, विंडोज की लिनक्स, काय केलं की काय होतं, आणि शेवटच्या कोणत्या आवृत्तीत नीट चालत होतं. हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा. त्यावरून कोणत्या बदलाने बिघडलं ते शोधता येतं. सोबत एकाच ओळीची नमुना फाईल जोडा. अख्खा ठराव जोडू नका, तिथली जोडलेली फाईल जगात कोणालाही उघडता येते, त्यामुळे सदस्यांची नावं, आधार आणि खाते क्रमांक आधी काढून टाका.