फाइट देतही नाहीत, घेऊही देत नाहीत

प्रश्न : मी भुसावळचा, वय २४, व्यावसायिक बॉक्सर. मुंबईच्या एका प्रमोटर (फाइट भरवणाऱ्या) कंपनीशी तीन वर्षांचा करार आहे. वर्षाला किमान तीन फाइट देऊ असं त्यात लिहिलंय, पण १९ महिन्यांत एकच मिळाली, पर्स (फाइटचं मानधन) ४० हजार. मॅनेजर कंपनीनेच दिला, तो मालकाचा मेहुणा. त्याचे २५ टक्के कापून घेतात. आता दुबईच्या एका कार्डवर (एका कार्यक्रमातल्या फाइटच्या यादीत) फाइट मिळतेय. कंपनी परवानगी देत नाही, ‘लढलास तर १५ लाख भर’ म्हणते. करार संपल्यावरही वर्षभर बाहेरची ऑफर आधी त्यांना दाखवायची आणि तेवढेच पैसे त्यांनी दिले तर त्यांच्याकडेच लढायचं, असं कलम आहे. वाद झाला तर लवादही (कोर्टाबाहेर निवाडा करणारा) कंपनीच नेमणार. ओळखीचे एक वकील म्हणाले, कलम २७ खाली असा करार रद्दच असतो, बिनधास्त जा. जाऊ का?

उत्तर : आज जाऊ नका. आधी एक नोटीस, मग दुबई. हा क्रम उलटा केलात तर जिंकायची केस हातची जाईल.

तुमच्या ओळखीच्या वकिलांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २७ सांगतं की, कोणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक. पण ‘करार चालू असेपर्यंत दुसऱ्याकडे काम करणार नाही’ ही अट सहसा या कलमात सापडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये गोळीकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या खटल्यात सांगितलं. अट अगदीच जाचक किंवा एकतर्फी असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडचा पहिलवान आज एका गावच्या यात्रेत कुस्ती मारतो, उद्या दुसऱ्या गावच्या, त्याला कोणी विचारत नाही. तुम्ही मात्र सही करून बसलाय, आणि ती सही अजून १७ महिने जिवंत आहे.

करार संपल्यानंतरच्या वर्षाची चिंता मात्र सोडा. अशीच अट अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या, श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानच्या करारात होती. मुदत संपल्यावर आलेली ऑफर आधी जुन्या कंपनीला दाखवायची, तिने बरोबरी केली तर तिच्याकडेच राहायचं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००६ मध्ये, मुदतीनंतर असं बांधून ठेवणं कलम २७ च्या विरुद्ध आहे, असं ठरलं.

आता मुदतीच्या आतलं, म्हणजे तुमचं खरं दुखणं. तुम्ही दुबईला निघालात तर कंपनी मनाई हुकूम मागणार. विनिर्दिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ४२ प्रमाणे ‘दुसरीकडे लढणार नाही’ या वचनाला कोर्ट मनाईचं बळ देऊ शकतं. पण त्याच कलमाच्या शेपटीला एक परंतुक (अट) आहे, आणि नोटीस पाठवणाऱ्या कंपन्या ते सोयीस्कर विसरतात : मनाई मागणाऱ्याने स्वतःवरची जबाबदारी पार पाडण्यात कसूर केलेली नसावी. दीड वर्ष उलटून गेलं, फाइट एक. कंपनीचे हात बरबटलेत ते इथे.

म्हणून कराराची प्रत काढा आणि ते वाक्य शब्दाशब्दाने वाचा. ‘तीन फाइट देऊ’ असंच आहे, की ‘योग्य प्रतिस्पर्धी मिळाल्यास देण्याचा प्रयत्न करू’? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय देऊ केलेली फाइट तुम्ही नाकारली तर ती ‘दिली’ असं धरायची तरतूद अशा करारांत असते. दुखापत, वजनात न बसणं, घरचं लग्न, अशा कारणाने तुम्ही एखादी सोडली होती का? असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा, समोरच्याच्या उत्तरातून त्याला कळायला नको.

नोटिशीत शिवीगाळ नको, मागणी हवी. इतक्या दिवसांत तारीख, प्रतिस्पर्धी, वजनगट आणि पर्स ठरवून लेखी ऑफर द्या, नाहीतर दुबईच्या या एका फाइटला लेखी परवानगी द्या. दिवस किती, ते करारातल्या चूक सुधारण्याच्या मुदतीप्रमाणे. तशी मुदत लिहिलेली नसेल तर पंधरा दिवस ठीक. करारात दिलेल्याच पत्त्यावर आणि ईमेलवर पाठवा, पोच ठेवा. उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर करार कायद्याच्या कलम ३९ चा (समोरच्याने वचन पाळायला नकार दिला तर करार संपवता येतो) आधार घेऊन करार संपवल्याची दुसरी नोटीस वकिलामार्फत जाईल. त्यानंतरही कंपनी कोर्टात जाऊ शकते, पण तेव्हा जाब तिला द्यावा लागेल.

इंग्लंडमध्ये नायजेल बेन या बॉक्सरवरून १९८९ मध्ये असाच वाद झाला. अपील न्यायालयाने मॅनेजरला मनाई हुकूम दिला नाही. बॉक्सरचं करिअर छोटं, कसब सरावावर टिकतं. मोठ्या मुदतीची मनाई म्हणजे त्याला नको त्या माणसाकडेच परत ढकलणं, असा त्यामागचा विचार. तो निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, पण तुमच्या वकिलाने सोबत न्यावा.

१५ लाखांना घाबरू नका. आकडा लिहिला म्हणजे तो आपोआप देणं लागत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे तो आकडा ही कमाल मर्यादा. कोर्ट वाजवी भरपाईच देतं आणि त्यासाठी नुकसान मुळात झालेलं असावं लागतं. ट्रेनिंग, प्रवास, जाहिरातीचा खर्च ते दाखवतील, तो खरा असेल तर तेवढ्याची तयारी ठेवा.

मेहुण्याचं प्रकरण मला सगळ्यात जास्त खटकतं. मॅनेजरचं काम काय, तर प्रमोटरशी भांडून तुमची पर्स वाढवणं. इथे भांडण घरातल्या घरात, आणि २५ टक्के तुमचे. अमेरिकेत २००० च्या मुहम्मद अली कायद्याने मॅनेजर आणि प्रमोटर यांचे आर्थिक हितसंबंध वेगळे ठेवायला लावले. आपल्याकडे व्यावसायिक बॉक्सिंगसाठी तसा कायदा नाही. पण मॅनेजर हा तुमचा एजंट, आणि करार कायद्याच्या कलम २१३ प्रमाणे मागाल तेव्हा हिशेब देणं त्याला भाग आहे. त्या ४० हजारांचा हिशेब याच नोटिशीत मागा. नातं तुमच्यापासून लपवलं होतं का, तेही कळवा. मग एजंटच्या लपवाछपवीबद्दल त्याच कायद्याच्या कलम २१५ खाली आणखी बोलता येईल.

लवाद एकट्या कंपनीने नेमायचा, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर टिकत नाही. तुम्ही हरकत घ्या. मात्र लवादाचं स्थान मुंबई लिहिलं असेल तर जळगावच्या कोर्टात दावा लावून फायदा नाही, फेऱ्या मुंबईच्याच होतील.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं बोलणं जपा आणि तो फोन विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडायला तो लागेल. तुम्ही अनुसूचित जमातीचे असाल तर उत्पन्न न पाहता जळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. आणि दुबईवाल्यांना जुन्या कराराबद्दल आजच खरं सांगा. नाहीतर ऐन वजनाच्या दिवशी कंपनीचं पत्र त्यांच्या हातात पडेल आणि ते तुम्हाला कार्डवरून काढतील.