गोळ्या कुणी बंद केल्या?

पत्राचा सारांश: मुलगी 19 वर्षांची, बारावी विज्ञान, 78.33 टक्के. नीटच्या पहिल्या प्रयत्नात 720 पैकी 388. यंदा ड्रॉप घेऊन लातूरला क्लास. दिवाळीनंतर ती जेवेना, बोलेना. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्य असल्याचं सांगून डिसेंबरात एस्सिटॅलोप्रॅम 10 मिलिग्रॅमची गोळी सुरू केली आणि दोनेक महिन्यांत ती सावरली. आता परीक्षा तोंडावर आली, गोळीनं झोप येते, शिवाय सवय लागेल, म्हणून वडिलांनी दहा दिवसांपूर्वी गोळ्या बंद करायला लावल्या. तेव्हापासून चक्कर येते, डोक्यात करंट बसतो अशी तिची तक्रार. ही अभ्यासाची टाळाटाळ आहे का? त्यात तिनं नवंच काढलंय, डॉक्टर नाही व्हायचं, डिप्रेशनच्या औषधांवर संशोधन करायचं. त्यासाठीही आधी एमबीबीएस लागणारच ना? आणि असल्या गोळ्या घेतलेल्या मुलीला ते झेपेल का?

ताई,

तुमच्या पत्रात गुण दशांशापर्यंत आहेत. क्लासची फी आहे, कटऑफ आहे, आत्याच्या मुलाला कुठे प्रवेश मिळाला तेही आहे. गोळ्या बंद केल्याचं मात्र एका ओळीत उरकलंय, तेही झोपेच्या तक्रारीला जोडून. मला त्या ओळीच्या पुढे जाता आलं नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

ती टाळाटाळ करत नाहीये. हे औषध अचानक थांबवलं की काही दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्नं आणि डोक्यात करंट बसल्यासारखे झटके येऊ शकतात. हे झटके इतके नेहमीचे आहेत की जगभरचे रुग्ण त्यांचं वर्णन जवळजवळ याच शब्दांत करतात. एस्सिटॅलोप्रॅमचं शरीरातलं प्रमाण साधारण 30 तासांत निम्मं होतं. म्हणजे आठवड्याभरात ते जवळपास निघून जातं आणि त्याला सरावलेल्या मेंदूला जुळवून घ्यायला तेवढा वेळ मिळत नाही. पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन या औषधांत हा त्रास जास्त होतो. फ्लुऑक्सेटिन शरीरात रेंगाळतं, म्हणून त्यात कमी. याला व्यसन म्हणत नाहीत. तिला गोळीची तल्लफ येत नाही, डोस वाढवावासा वाटत नाही. पण मेंदू औषधाला सरावलेला असतो, म्हणून गोळी बंद करायची तर ती डॉक्टरांनी, डोस हळूहळू उतरवत, आणि शेवटचे टप्पे सर्वांत सावकाश.

उद्या सकाळी, क्लासला फोन करण्याआधी, ज्यांनी गोळी सुरू केली त्यांना फोन करा. गोळी कधी बंद केली, आता काय होतंय, जसंच्या तसं सांगा. आपल्या मनानं पुन्हा सुरूही करू नका, दोन गोळ्या देऊन भरपाईही करू नका. झोपेचं काय, हे त्याच फोनवर विचारा. पुष्कळदा गोळीची वेळ बदलली तरी भागतं. या वयात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. 24 वर्षांपर्यंतच्या रुग्णांत ही औषधं सुरू करताना आणि डोस बदलताना आत्महत्येच्या विचारांवर बारीक लक्ष ठेवावं, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी औषधाच्या माहितीपत्रकातच छापायला लावला आहे. ती मरणाबद्दल बोलली, किंवा एकदम गप्प होऊन वस्तू वाटू लागली, तर तिला एकटं सोडू नका आणि थेट रुग्णालय गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

हे सगळं घडलं त्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे आणि तो तुमच्या एकट्यांचा नाही. तुम्ही लिहिता, ‘मेंदूत सेरोटोनिन कमी झालं होतं, आता भरलं असेल.’ म्हणजे हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या घेतो तसं, कमतरता भरली की बंद. नैराश्याचं तसं नाही. सेरोटोनिन हे मेंदूतल्या पेशींमधलं निरोप्या रसायन. ते मोजून नैराश्य ठरवणारी तपासणी कुठल्याही लॅबमध्ये नाही, आणि नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता याला 2022 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात सुसंगत पुरावा सापडला नाही. गोळी घेतल्यावर काही तासांतच मेंदूतल्या पेशींचं सेरोटोनिन परत खेचून घेणं अडतं, पण मन सावरायला दोन ते चार आठवडे लागतात. मधल्या काळात पेशींच्या जोडण्यांत नेमकं काय बदलतं, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. कसं चालतं ते पुरतं कळलं नाही म्हणून औषध चालतच नाही, असंही होत नाही. 2018 मध्ये नैराश्यावरच्या औषधांच्या 522 चाचण्या आणि 1,16,477 रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. 21 च्या 21 औषधं खोट्या गोळीपेक्षा (दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली) सरस निघाली, पण सरासरी फरक बेताचा होता. भरून झालं की थांबवलं, हा हिशेब इथे लागू नाही. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायला सांगतात. तुमच्या मुलीचा तर पूर्ण चौथा महिनाही झाला नव्हता.

आता तिच्या म्हणण्याकडे. दोन पानांच्या पत्रात तिचं म्हणणं एका वाक्यात आलंय आणि त्याच्या आधी ‘नवंच काढलंय’ असा शेरा आहे. मला ते वाक्य पत्रातलं सर्वांत शहाणं वाटलं. जे औषध पोटात जातंय ते काय करतं, असा प्रश्न 19 व्या वर्षी पडणं हे खूळ नाही.

हे संशोधन म्हणजे पांढरा कोट आणि सूक्ष्मदर्शक, एवढंच डोळ्यांसमोर आणू नका. औषधाच्या चाचण्यांत वर्षानुवर्षे वापरली जाणारी, नैराश्य किती आहे ते मोजणारी हॅमिल्टनची मोजपट्टी घ्या. 17 प्रश्न, जास्तीत जास्त 52 गुण, 7 किंवा कमी आले की रुग्ण सावरला असं धरतात. त्यातले तीन प्रश्न एकट्या झोपेचे आहेत, झोप लागायला उशीर, मध्ये जाग, पहाटे जाग, आणि त्यांचे मिळून 6 गुण. आता एखाद्या औषधानं नुसती गाढ झोप लागली, मन होतं तसंच राहिलं, तरी रुग्णाचा आकडा खाली येतो. औषध आणि खोटी गोळी यांतला सरासरी फरक जेमतेम दोनेक गुणांचा असतो, हे शेजारी ठेवून बघा, म्हणजे या तीन प्रश्नांचं वजन कळेल. शिवाय मळमळ सुरू झाली की रुग्ण ओळखतो, आपल्याला खरी गोळी मिळाली, आणि त्या विश्वासानंही आकडा हलू शकतो. अर्धे रुग्ण मध्येच यायचे थांबले तर त्यांचं काय धरायचं? हे प्रश्न सोडवायला संख्याशास्त्र लागतं, एमबीबीएस नव्हे.

लागतो तो प्रामाणिकपणा. अमेरिकी नियंत्रकांकडे नोंदलेल्या, नैराश्यावरच्या औषधांच्या 74 चाचण्यांचा 2008 साली कुणीतरी माग काढला. औषधाच्या बाजूनं गेलेल्या 38 पैकी 37 छापून आल्या होत्या. उरलेल्या 36 पैकी 22 छापल्याच नाहीत, 11 औषध यशस्वी झाल्यासारख्या रंगवून छापल्या, जशाच्या तशा फक्त 3. आपल्याकडे 2009 पासून चाचणी सुरू होण्याआधी सरकारी नोंदवहीत नोंद सक्तीची आहे, तिचं नाव सीटीआरआय. ती कुणालाही उघडून बघता येते. मुलीला तिथे ‘डिप्रेशन’ शोधायला सांगा. एका संध्याकाळीत तिला कळेल, हे काम आपल्याला आवडतं की नाही.

आपल्या शेजारी गोव्यात हे काम दोनदा नमुनेदार झालंय. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साध्या बाह्यरुग्ण विभागातले 450 रुग्ण होते. दोन महिन्यांनी फ्लुऑक्सेटिन खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं, समुपदेशन मात्र ठरलं नाही. इतर कुणी तिथेच थांबलं असतं. तिथल्या लोकांनी समुपदेशनाची घडणच बदलली, डॉक्टर नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून तयार केलं, आणि 2017 साली प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या 495 रुग्णांवर तीच वाट परिणामकारक ठरल्याचं दाखवून दिलं. मुंबईत टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांची प्रयोगशाळा सेरोटोनिन आणि भावनांच्या मेंदूतल्या मार्गांवरच काम करते, आणि त्या काही एमबीबीएसवाल्या नाहीत.

वाटा थोडक्यात सांगते. आयसर या विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्थांसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा, 60 प्रश्न, त्यात गणिताचे 15, तेव्हा तिचं गणित सुटलं असेल तर आताच हाती घ्यावं. औषधशास्त्राकडे जायचं तर एमएचटी-सीईटीतून बीफार्म, पुढे फार्माकॉलॉजी. गावातल्या कॉलेजातून बीएस्सी करून मग एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा देता येते. संख्याशास्त्र हा लोकांना न दिसणारा आणि कायम माणसं कमी पडणारा दरवाजा. मानसशास्त्राकडून गेली आणि रुग्ण तपासायचे असतील, तर अभ्यासक्रमाला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, मान्यता आहे का ते बघून घ्या. एमबीबीएस आणि एमडी ही त्यातली एक वाट. रुग्णाला औषध लिहून द्यायचं असेल तर तीच हवी. कुठूनही गेली तरी पीएचडीची पाच-सहा वर्षं धरून चाला.

‘असल्या गोळ्या’ घेतल्याची आडकाठी यातल्या कुठल्याच दारात नाही. उलट बाजूही सांगते. स्वतःला आजार झाला म्हणून संशोधन जमेलच असंही नाही, आणि तिनं आपल्या आजारातून काही सिद्ध करून दाखवावं ही नवी अपेक्षा घरातून सुरू होऊ देऊ नका.

यंदाची नीट द्यायची की नाही, हे तिनं आणि डॉक्टरांनी ठरवावं. तिसरा प्रयत्न ती स्वतः मागत नसेल तर विषय काढूच नका. वडिलांशी बोलणं तुम्हाला अवघड जात असेल तर डॉक्टरांकडे त्यांना सोबत घेऊन जा. करंटचे झटके कशानं येतात हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकावं, आणि मुलीसमोर ऐकावं.

पुढचं पत्र तिनं लिहू दे. घाई नाही, चक्कर थांबल्यावर. त्यात गुण नकोत. सीटीआरआयवर तिला सापडलेली एक चाचणी लिहावी, आणि तिच्यात तिला काय खटकलं ते.