‘कार्ड गेलं’ म्हणण्याआधी : जनरेटरच्या कंट्रोलविषयी प्रश्नोत्तरे

या वेळच्या बहुतेक प्रश्नांच्या शेवटी एकच वाक्य आहे : ‘मेकॅनिक म्हणतोय, कार्ड गेलं.’ कार्ड, म्हणजे कंट्रोलचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, जातं, नाही असं नाही. पण त्याचा नंबर तारा, लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) आणि सेन्सर तपासून झाल्यावर. आणि कुठल्याही तपासणीआधी कंट्रोलर ऑफवर, बॅटरी चार्जरचा सप्लाय बंद, बॅटरीची निगेटिव्ह केबल सुटी. ऑटोवर राहिलेला सेट लाइट गेली की आपोआप सुरू होतो, आपला हात कुठे आहे ते बघत नाही. मोजण्यासाठी केबल परत जोडावी लागेल तेव्हा हात, कपडे, पाने (स्पॅनर) फॅन-बेल्टपासून लांब.

प्रश्न : स्टार्ट दाबलं की नुसता ‘टक्’ आवाज येतो आणि डिस्प्ले विझतो. बॅटरी तर 12.6 व्होल्ट दाखवते. कंट्रोलर बदलू का?

अजिबात नको. 12.6 हा बॅटरी निवांत असतानाचा आकडा आहे. सेल्फ (स्टार्टर मोटर) करंट ओढायला लागल्यावर काय उरतं ते बघायचं. मीटरच्या पिना लगवर धरू नका, थेट बॅटरीच्या शिशाच्या पोलवर टेकवा आणि दुसऱ्याला स्टार्ट दाबायला सांगा. 12 व्होल्टच्या सिस्टीममध्ये आकडा साधारण 9.6 च्या खाली गेला तर बॅटरी कमजोर आहे, किंवा सेल्फ जाम होऊन भलताच करंट ओढतोय.

पोलवर 11 टिकतात आणि सेल्फच्या मोठ्या बोल्टवर मात्र 7-8 च मिळतात, असं असेल तर उरलेले व्होल्ट वाटेत जिरतायत. ते कुठे, हे शोधायला एक पिन निगेटिव्ह पोलवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा. स्टार्ट दाबताना इथे अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थची (निगेटिव्ह पोल ते इंजिन) केबल नाहीतर तिचा लग खराब. बरेचदा लग रंगावरच कसलेला असतो. रंग खरवडा, घासा, परत कसा. पॉझिटिव्ह केबलही अशीच, दोन्ही टोकांना पिना लावून मोजा. डिस्प्ले विझतो तो कंट्रोलरला त्या क्षणी पुरेसा सप्लाय मिळत नाही म्हणून. बिचाऱ्याचा दोष नाही.

प्रश्न : सेट चालू होतो आणि काही सेकंदांत ‘लो ऑइल प्रेशर’ दाखवून बंद होतो. तेलाची पातळी बरोबर आहे. ऑइल प्रेशर स्विचची वायर काढून चालवू का?

नाही. प्रेशर खरंच कमी असेल तर बेअरिंग जातील आणि त्यापुढे स्विचची किंमत काहीच नाही. स्विच काढून त्याच जागी मेकॅनिकल गेज लावा आणि प्रेशर डोळ्यांनी बघा. ते बरोबर असेल तरच वायरिंगकडे वळा.

बऱ्याच सेटवर हा स्विच प्रेशर नसताना अर्थला जोडलेला असतो आणि प्रेशर आलं की सुटतो. सुरुवातीचे काही सेकंद कंट्रोलर त्याच्याकडे लक्ष देत नाही, म्हणून सेट चालू होऊन मग पडतो. अशा सेटवर सेट बंद ठेवून वायर स्विचवरून मोकळी करा. तरीही तिची अर्थशी कंटिन्युइटी (अखंड जोड) मिळाली तर वायर कुठेतरी सोलली जाऊन इंजिनला टेकतेय. क्लॅम्पखाली किंवा गरम पाइपाजवळ आधी बघा. काही सेटवर स्विच उलट चालतो, तेव्हा कंट्रोलरमधलं सेटिंग त्याच्याशी जुळतंय का तेही पाहा.

प्रश्न : चालू सेटवर अँमीटर बदलला तर चालेल?

सीटीवरचा (करंट ट्रान्सफॉर्मरवर चालणारा) असेल तर मुळीच नाही. लोड असताना सीटीची सेकंडरी (अँमीटरकडे जाणारी बाजू) उघडी पडली की तिथे जीवघेणं व्होल्टेज तयार होतं. सेट बंद करूनच बदला, आणि पुन्हा चालू करण्याआधी सीटीचं सर्किट पूर्ण जोडलंय याची खात्री करा.

प्रश्न : वर्षभर पडून असलेला सेट चालू केला. इंजिन 1500 आरपीएमवर मस्त चालतं, पण व्होल्टेज जेमतेम 5. एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं कार्ड) मागवू का?

खरं तर इतका काळ पडलेला सेट चालू करण्याआधीच मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन मोजणारा मीटर) लावायला हवा होता. आता तरी लावा : एव्हीआर आणि कंट्रोलरच्या सगळ्या वायरी काढून, 500 व्होल्टवर. 1 मेगाओमच्या खाली आलं तर आधी वाइंडिंग वाळवा, बाकी सगळं नंतर.

ते 5 व्होल्ट म्हणजे चांगली खूण आहे, लोखंडातलं उरलेलं चुंबकत्व शाबूत आहे. एव्हीआरचा फ्यूज बघा. मग मेन ब्रेकर ऑफ ठेवा, सेट बंद असताना एव्हीआरकडून एक्साइटर (मुख्य अल्टरनेटरला चुंबकत्व पुरवणारा छोटा जनरेटर) फील्डला जाणाऱ्या दोन वायरी सोडवा आणि त्यांना 12 व्होल्टची वेगळी बॅटरी जोडा. प्लस-मायनस उलटं करू नका. सेट रेटेड स्पीडला चालवा. अनेक ब्रशलेस अल्टरनेटरमध्ये एवढ्यावर नो-लोड व्होल्टेज रेटिंगच्या जवळपास जातं. तिन्ही फेजांत सारखं आलं तर अल्टरनेटर ठणठणीत, दोष एव्हीआरचा किंवा त्याच्या वायरिंगचा. तिन्ही सारखे पण फारच कमी असतील तर फिरते डायोड (रोटरवरचे, एक्साइटरचा एसी डीसी करणारे), नाहीतर एक्साइटर. एकच फेज मागे पडत असेल तर मुख्य स्टेटर.

डायोड तपासताना त्याचं एक टोक सोडवायलाच हवं, नाहीतर मीटर वाइंडिंगमधून वाट काढतो. एका बाजूने साधारण 0.4 ते 0.7 व्होल्ट, उलट बाजूने काहीच नाही, हे बरोबर. शेजारचा व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेजपासून डायोड वाचवणारा भाग) जळून काळा पडलाय का तेही बघा. तो शॉर्ट असेल तर सगळे डायोड चांगले असूनही व्होल्टेज उभं राहत नाही.

प्रश्न : दिवे लुकलुकतात, फ्रिक्वेन्सी 48 ते 52 हलते. गव्हर्नर कार्डचे (इंजिनचा वेग सांभाळणारं कार्ड) पॉट, म्हणजे सेटिंगचे छोटे स्क्रू, फिरवून पाहिले, फरक नाही.

पॉट आधी जिथे होते त्याची खूण केली असेल तर तिथेच परत आणा. व्होल्टेज हलतं आणि फ्रिक्वेन्सी स्थिर, असं असतं तर मी एव्हीआरच्या स्टॅबिलिटीकडे बोट दाखवलं असतं. तुमची फ्रिक्वेन्सीच हलतेय, म्हणजे इंजिनाची बाजू. मॅग्नेटिक पिकअप (फ्लायव्हीलच्या दातांवरून वेग मोजणारा सेन्सर) काढा. टोकाला लोखंडाचा चुरा चिकटला असेल तर पुसा. भोकातून आत बघून फ्लायव्हीलचा दात नेमका समोर आणा, दोन दातांमधली खाच नको. पिकअप हाताने दाताला टेकेपर्यंत फिरवा, मग अर्धा ते पाऊण आटा मागे घ्या, साधारण पाऊण-एक मिलिमीटर फट राहते. चेकनट कसा. एवढं करूनही हललं तर डिझेल फिल्टर आणि लाइनमधली हवा बघा, कार्ड नंतर.